बारोचीचं मांजर: एकाच पत्र्यावर ॲसिड आणि बुरिन

फेदेरिको बारोची या उर्बिनोच्या चित्रकारानं अख्ख्या आयुष्यात फक्त चार मुद्राचित्रं, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रं, केली. त्यातलं 'अनन्सिएशन', म्हणजे मरियेला देवदूत निरोप देतो तो प्रसंग, १५८४ ते १५८८ च्या दरम्यानचं. कागदावर साधारण ४४ बाय ३१ सेंटिमीटर. खोलीत गुडघे टेकून बसलेला गब्रीएल, हातात लिलीची फुलं. समोर वाचता वाचता थबकलेली मरिया. मागच्या खिडकीतून दिसतो तो उर्बिनोच्या ड्यूकचा राजवाडा, त्याच्या जोडमनोऱ्यांसकट. आणि खाली कोपऱ्यात एक मांजर, गाढ झोपलेलं.

मूळ रंगीत चित्र ड्यूक फ्रांचेस्को मारिया दुसरा याच्यासाठी, लोरेतोच्या देवळातल्या त्याच्या चॅपेलकरता केलेलं. १५८२ ते १५८४ हा त्याचा काळ. आज ते व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहे. लोरेतोला मरियेचं नाझरेथचं घर आहे, देवदूतांनी ते उचलून तिथे आणलं, अशी श्रद्धा आहे. म्हणजे हा निरोप ज्या घरात मिळाला, त्याच घराच्या देवळात हे चित्र लागलं. लांबलांबचे यात्रेकरू तिथे येत. रंगीत चित्र सगळ्यांना घरी नेता येत नाही, छापलेला कागद नेता येतो.

या लेखात आपण त्या मुद्राचित्राचा एक तुकडा, खिडकी आणि मांजर, १० बाय १५ सेंटिमीटरच्या तांब्याच्या पत्र्यावर करणार आहोत. आधी एचिंग, म्हणजे ॲसिडला रेष खाऊ देणं; मग बुरिननं, म्हणजे कोरायच्या पोलादी हत्यारानं, एनग्रेव्हिंग, म्हणजे हातानं रेष कोरणं. मूळ चित्रात या दोन गोष्टी चिकटून नाहीत, आपण सरावासाठी जवळ आणू. निवड मुद्दाम केली आहे: खिडकीबाहेरचा राजवाडा सगळ्यांत फिका, मांजराची पाठ मधली, त्याच्या पोटाखालची सावली सगळ्यांत गडद. या तीन छटा स्वतः आणल्या की बारोचीनं काय केलं ते हाताला समजतं. नुसतं बघून ते तितकं कळत नाही.

नक्कल करायला संकोच वाटू देऊ नका. याच वर्षांत आपल्याकडेही हेच चाललं होतं. १५८० मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल त्याला भेट दिलं. त्यातली आणि नंतर आलेली कोरीव चित्रं मुघल चित्रकारांनी बारकाईनं उतरवून घेतली. १६०० साली अबुल हसन या पोरसवदा चित्रकारानं जर्मन चित्रकार ड्यूररच्या एका एनग्रेव्हिंगमधला संत योहान असा उतरवला आहे की आजही लोक तो ऑक्सफर्डला थांबून बघतात.

आधी रेष ओळखायला शिका

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांच्या संकेतस्थळांवरून जुन्या मुद्राचित्रांच्या मोठ्या प्रतिमा मोफत उतरवून घेता येतात. बारोचीचं चित्र शोधा आणि पडद्यावर इतकं मोठं करा की एकेक रेष दोऱ्याएवढी दिसेल.

ॲसिडनं खाल्लेली रेष पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच जाडीची असते. तिचं टोक बोथट असतं, कडा किंचित खडबडीत असते आणि ती हवी तशी वळते, कारण सुई पत्र्यावरच्या मेणाच्या थरातून पेन्सिलसारखी फिरते. बुरिनची रेष वेगळी: बारीक सुरू होते, मध्ये फुगते, टोकाला पुन्हा निमुळती होते. कडा वस्तऱ्यानं कापल्यासारखी स्वच्छ. तिसरी रेष ड्रायपॉइंटची. टोकदार सुईनं थेट तांबं ओरबाडलं की कडेला बारीक कूस, म्हणजे धातूची खरखरीत कड, उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि रेषेला मखमली धूसर किनार येते. या चित्रात तिन्ही आहेत.

तुलनेसाठी अगोस्तिनो काराचीनं १५९५ मध्ये बारोचीच्याच 'इनियसचं पलायन' या रचनेवरून केलेलं एनग्रेव्हिंग शेजारी उघडा. तिथे रेषा शिस्तीत, समांतर, फुगत-आटत शरीराच्या गोलाईवरून जातात. बारोची चेहऱ्याशी येतो तेव्हा रेष जवळपास सोडून देतो. बारीक तुटक रेघा आणि त्यांच्यामध्ये ठिपके, बस्स. गाल मऊ वाटतो तो या ठिपक्यांमुळे.

हा फरक कुठून आला ते थोडक्यात सांगायला हवं. एनग्रेव्हिंग सोनारकामातून आलं, एचिंग चिलखतं सजवणाऱ्या कारागिरांकडून. ऑग्सबर्गच्या दानिएल होफरनं १५०० च्या सुमारास ते कागदावर आणलं, ड्यूररनं १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर सहा एचिंग केली आणि सोडून दिलं. त्या काळी पत्रा बहुतेक एकदाच ॲसिडमध्ये जात असे, म्हणून सगळ्या रेषा सारख्याच काळ्या. बारोची रंगीत खडूंनी चित्रं काढणारा माणूस. एकाच काळेपणात त्याचं भागणं शक्यच नव्हतं. त्यानं पत्रा टप्प्याटप्प्यानं ॲसिडमध्ये घातला. फिका भाग झाला की तो वार्निशनं झाकायचा आणि उरलेला आणखी खाऊ द्यायचा. दूरचा राजवाडा हवेत विरल्यासारखा दिसतो तो याच युक्तीनं. या विषयावरचं पहिलं छापील पाठ्यपुस्तक अब्राहाम बोसनं पॅरिसला १६४५ मध्ये काढलं, म्हणजे बारोचीला हे सगळं पुस्तकाशिवाय साधावं लागलं.

सामान

तांब्याचा पत्रा १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीचा घ्या. याहून पातळ पत्रा प्रेसमध्ये वाकतो आणि बुरिनलाही पुरत नाही. धातूच्या बाजारात तो वजनावर मिळतो; पुण्यात असाल तर तांबट आळीत चौकशी करा, तिथल्या लोकांना तांब्याचा स्वभाव ठाऊक असतो. 'नरम' आणि 'कडक' असे दोन प्रकार सांगितले तर कडक घ्या, नरम तांब्यात बुरिन रुततं.

ॲसिड म्हणून आपण फेरिक क्लोराइड वापरू. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानांत मिळतं, सर्किट बोर्ड करणारे तेच वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. तयार द्रावण मिळालं तर उत्तम. कोरडे खडे आणलेत तर खडे पाण्यात थोडे थोडे टाका, खड्यांवर पाणी ओतू नका; मिश्रण चांगलंच तापतं. नायट्रिक ॲसिड जुन्या काळापासून वापरात आहे, पण त्याची वाफ फुप्फुसं जाळते. घरी ते आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय बारीक, जवळजवळच्या रेषांसाठी फेरिकच चांगलं. ते सरळ खाली खातं, नायट्रिक रेषेला रुंद करतं.

फेरिकचा डाग कपड्यावरून आणि फरशीवरून जात नाही, लोखंडी वस्तू ते खाऊन टाकतं. प्लास्टिकचा ट्रे, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, उघडी खिडकी. लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर. ॲल्युमिनियमचं भांडं त्याच्या जवळही आणू नका, जोराची प्रक्रिया होऊन ते उकळू लागतं.

बाकी लागतं ते असं: हार्ड ग्राउंड (ॲसिड अडवणारा मेणाचा लेप), लाकडी मूठ लावलेली सुई, कानस, ८०० ते २००० नंबरचे पॉलिश पेपर, स्क्रेपर (खरवडायचं पातं), बर्निशर (दाबून गुळगुळीत करायचं हत्यार), एक बुरिन, तेलाचा दगड, रॉकेल, स्पिरिट आणि लाखदाणा. प्रेस मात्र लागेलच. खोल रेषेतली शाई कागदानं ओढून घ्यायला जो दाब लागतो, तो चमच्यानं घासून येत नाही. जवळच्या कलामहाविद्यालयाच्या प्रिंटमेकिंग विभागात विचारा. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थांत हे विभाग आहेत.

पत्रा तयार करणं

चारही कडा कानशीनं ४५ अंशांत उतरवा आणि कोपरे गोल करा. धारदार कड राहिली तर पहिल्याच छापेत कागद कापेल आणि प्रेसची महागडी ब्लँकेटंही फाटतील. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ८०० पासून २००० पर्यंत चढत जा. शेवटी धातूच्या पॉलिशनं घासा, पत्र्यात आपला चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत. राहिलेला प्रत्येक ओरखडा शाई धरणार आणि छापेत राखाडी दिसणार, म्हणून इथे घाई नको.

यानंतर पत्र्यावरचं तेल काढायचं. खडूची बारीक भुकटी आणि थोडा अमोनिया यांची पेस्ट सुती कापडानं गोल गोल चोळा, भरपूर पाण्यानं धुवा. पाणी पत्र्यावर सलग पसरलं तर काम झालं. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल उरलं आहे, पुन्हा चोळा. या क्षणापासून पत्र्याला बोट लावायचं नाही, फक्त कडेनं धरायचा.

ग्राउंड आणि काजळी

ग्राउंड विकत मिळतं. घरी करायचं झालं तर मधमाश्यांचं मेण दोन भाग, अस्फाल्टमची (डांबरासारख्या पदार्थाची) पूड दोन भाग, राळ एक भाग, मंद आचेवर वितळवून गोळा करतात. त्याला धूर आणि वास असतो, म्हणून पहिल्या वेळी विकतचंच घ्या.

पत्रा हॉटप्लेटवर इतका तापवा की गोळा टेकवताच विरघळेल, पण धूर येणार नाही. रोलरनं पातळ, मधासारख्या रंगाचा थर पसरवा. जाड थर सुईखाली टवके सोडतो. पत्रा गरम असतानाच पालथा धरून खालून मेणबत्त्यांच्या जुडग्याची काजळी द्या. ज्योत सतत फिरती ठेवा. एका जागी थांबली तर ग्राउंड जळतं आणि ती जागा ॲसिडला उघडी पडते. थंड झाल्यावर पृष्ठभाग काळाभोर, चकचकीत दिसला पाहिजे. मॅट, राखट डाग दिसला की तिथे ग्राउंड जळलं आहे असं समजा, आणि पत्रा पुसून पुन्हा सुरुवात करा.

मागची बाजू आणि कडा लाखेच्या वार्निशनं झाका. लाखदाणा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला की सुताराचं पॉलिश तयार होतं. तेच थोडं घट्ट करायचं. चिमूटभर रंग मिसळलात तर कुठे लावलं ते दिसतं.

सुईचं काम

छापल्यावर चित्र उलटं होतं. मांजर मुळात जसं झोपलं आहे तसंच छापेत हवं असेल, तर पत्र्यावर उलटं काढा. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनं रेखाटा, कागद पालथा करून ग्राउंडवर ठेवा, ओलसर ब्लँकेटखाली प्रेसमधून हलक्या दाबानं काढा. पेन्सिलची चांदीसारखी रेष काळ्या ग्राउंडवर उतरते.

उलट कोरण्याची सवय आपल्या भागालाही नवी नाही. १८०५ साली मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली. काम करणारा तांबट होता, आणि अठरा अध्यायांची देवनागरी त्याला आरशातल्यासारखी कोरावी लागली असणार. आपल्याला तर नुसतं मांजर काढायचं आहे.

सुई दाबायची नाही. ग्राउंड बाजूला होऊन तांबं चमकलं की पुरे, खोली ॲसिड देईल. हात पत्र्यावर टेकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवून वर आडवी पट्टी टाका आणि तिच्यावर मनगट ठेवा.

आता रेषांचा विचार. राजवाड्याला बारीक, विरळ, जवळजवळ एकाच दिशेच्या रेषा. मनोऱ्यांची फक्त सावलीची बाजू काढा, उजेडाची बाजू कागदावर सोडा. मांजराकडे आलात की बाह्यरेषा काढायचा मोह आवरा. पाठीच्या कण्यापासून सुरुवात करा. केसांच्या वाढीच्या दिशेनं छोट्या छोट्या रेघा, एकीचं टोक दुसरीच्या सुरुवातीत शिरेल अशा. खांद्याशी त्या वळतात, बरगड्यांवर पसरतात, मांडीशी पुन्हा गोळा होतात. पाठीवर जिथे उजेड पडतो तिथे रेघा तुटत तुटत ठिपके व्हायला हवेत. हे ठिपके सुईच्या टोकानं एकेक ठेवा, टकटक करत मारू नका, नाहीतर सगळे एका आकाराचे होतात आणि फर दाणेदार चामड्यासारखी दिसू लागते. पोटाखाली आडव्या-तिरप्या रेषांचं जाळं द्या, पण दोन थरच. तिसरा थर बुरिनसाठी राखून ठेवा.

ॲसिड: इथे चित्र खरं ठरतं

पत्रा ॲसिडमध्ये घालण्याआधी त्याच ग्राउंडची एक चाचणी पट्टी करा. तिच्यावर समांतर रेषा ओढा आणि ५, १०, २०, ४० मिनिटांनी एकेक भाग झाकत जा. पट्टी छापून समोर लावून ठेवा. ही पट्टी तुमच्या द्रावणाची, तुमच्या खोलीच्या तापमानाची आणि तुमच्या सुईची असते; पुस्तकातला कोणताही तक्ता तिची जागा घेऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी फेरिक जानेवारीच्या सकाळपेक्षा बऱ्याच वेगानं खातं, आणि वापरून वापरून मंदही होत जातं.

सुरुवातीला धरायला हे आकडे: राजवाडा एकूण ५ मिनिटं, मांजराची उजेडातली पाठ १२, बाकीचं अंग आणि खिडकीची चौकट २५, पोटाखालची सावली ५०.

आत घालण्याआधी पत्रा तिरपा धरून बघा. ग्राउंडमध्ये सुईच्या अग्राएवढी तांबूस छिद्रं दिसली तर प्रत्येकावर वार्निशचा थेंब ठेवा. मग पत्रा द्रावणात घाला, शक्यतो पालथा, चार कोपऱ्यांखाली मेणाच्या गोळ्या ठेवून. फेरिकमध्ये खाल्लेल्या तांब्याचा गाळ रेषेतच साचतो आणि पुढचं खाणं अडवतो. पालथा पत्रा असेल तर गाळ खाली पडतो. उभी टाकी असेल तर त्याहून बरं.

५ मिनिटांनी पत्रा बाहेर काढा. पाण्यानं धुवा, मग व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा धुवा, म्हणजे रेषेतला तपकिरी थर निघतो. टिपकागदानं टिपा, पंख्याखाली वाळवा. गरम हवा नको, ग्राउंड वितळेल. पूर्ण कोरडा झाल्यावर बारीक ब्रशनं राजवाड्यावर वार्निश लावा. इथे ब्रशची कड महत्त्वाची: राजवाड्याच्या पायथ्याशी वार्निश एका सरळ रेषेत थांबवलंत तर छापेत तिथे कात्रीनं कापल्यासारखी सीमा दिसेल. ब्रश दातेरी फिरवा, काही रेषा झाका, काही उघड्या ठेवा. एका छटेतून दुसरीत शिरण्याची वाट अशीच तयार होते.

वार्निश वाळलं की पत्रा परत आत, ७ मिनिटं. बाहेर, धुणं, वाळवणं. आता मांजराच्या पाठीवरचे ठिपके झाका. पुन्हा १३ मिनिटं. मग अंगावरचे केस आणि चौकट झाका, फक्त पोटाखालचं जाळं उघडं ठेवा आणि शेवटची २५ मिनिटं द्या. मध्ये एकदा भिंगातून बघा. सुईचं टोक हलकेच सावलीच्या रेषेत ठेवून आडवं सरकवा; ते अडखळलं पाहिजे. राजवाड्याच्या रेषेत ते जाणवेल न जाणवेल इतकंच अडखळतं. हा फरक बोटाला एकदा कळला की पुढच्या पत्र्याला घड्याळ कमी लागतं.

मला बारोचीची कमाल इथेच वाटते. तरुणपणी रोममध्ये तो आजारी पडला, आणि पुढे आयुष्यभर दिवसाचे थोडेच तास काम करू शकला, असं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे. मत्सरी लोकांनी त्याला विष घातलं, अशीही कथा त्यात आहे. अशा माणसानं इतका धीर मागणारं तंत्र निवडलं, आणि चारच पत्र्यांत ते इतक्या पुढे नेलं.

सगळं झालं की ग्राउंड रॉकेलनं, लाख स्पिरिटनं काढा. कापडाचे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पहिली छाप, आणि काय कमी आहे ते

बुरिन हातात घेण्याआधी एक छाप काढाच. छपाईचा विधी पुढे दिला आहे. छाप आणि मूळ चित्राची प्रतिमा शेजारी ठेवा. राजवाडा बहुधा ठीक आलेला असेल. मांजर मऊ असेल, पण जमिनीवर बसलेलं वाटणार नाही, किंचित तरंगेल. सावलीला तळ नसेल. चौकटीची कड दबलेली असेल. ॲसिड छटा देतं, पण ठाम कड आणि खोल, स्वच्छ काळा रंग देताना ते कमी पडतं, जास्त वेळ ठेवलं तर शेजारशेजारच्या रेषा एकमेकींत कोसळतात. म्हणून बुरिन.

कुठे कोरायचं ते छापेवरच पांढऱ्या आणि काळ्या पेन्सिलनं खुणावा. काळं म्हणजे बुरिन, पांढरं म्हणजे बर्निशर. जास्तीत जास्त चार-पाच जागा. खुणा याहून वाढल्या तर ॲसिडचंच काम अपुरं राहिलं आहे. ते पुन्हा ग्राउंड लावून सुधारणं बरं.

बुरिन

बुरिन म्हणजे कठीण पोलादाची बारीक सळई, टोक तिरपं कापलेलं, मागे लिंबाच्या फोडीसारखी सपाट तळाची मूठ. टोकाचं तोंड ४५ अंशांत तेलाच्या दगडावर सपाट घासा. जराही डोललं तर धार गोल होते. धार आली का ते अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट, रुतून थांबलं तर तयार.

मूठ तळहाताच्या खळग्यात, तर्जनी सळईच्या पाठीवर, अंगठा बाजूला पत्र्याला टेकलेला. बुरिन पत्र्याला जवळजवळ आडवं. ढकलायचं ते तळहातानं आणि खांद्यानं, मनगटानं नाही. पत्र्याखाली वाळू भरलेली चामड्याची गादी ठेवा, कारण वळणदार रेषेला हात वळत नाही, पत्रा फिरतो. उजवा हात पुढे जात राहतो आणि डावा हात पत्रा त्याच्याकडे वळवत राहतो. डाव्या हाताची बोटं कधीही बुरिनच्या वाटेत, समोर ठेवू नका. बुरिन निसटलं की ते थेट तिथेच जातं, आणि जखम खोल होते.

आधी तांब्याच्या तुकड्यावर सरळ समांतर रेषा कोरा, एक मिलिमीटर अंतरानं, तुकडा भरेपर्यंत. बरोबर चाललं असेल तर टोकापुढे तांब्याचा बारीक वेटोळा तार निघत जातो, अखंड, चकचकीत. तो तुटत असेल तर धार गेली आहे. टोक खाली घुसून अडकत असेल तर कोन फार उभा आहे. रेषेच्या शेवटी मूठ किंचित खाली दाबली की टोक वर येतं आणि रेष निमुळती होऊन संपते.

मग मूळ पत्रा. पोटाखालच्या जाळ्यात ॲसिडची एक रेष निवडा, तिच्या फिक्या बाजूच्या टोकात बुरिन ठेवा आणि तिच्यातूनच सावलीच्या पोटाकडे जा. ॲसिडची खडबडीत भिंत कापली जाते, रेष खोल होते, मध्ये फुगते. शेजारची एक सोडून पुढची घ्या. सगळ्या कोरल्यात तर सावली पोलादी दिसेल आणि मांजर खडकावर ठेवल्यासारखं वाटेल. मग दोन थरांच्या मध्ये तिसऱ्या दिशेनं तीन-चार नव्या रेषा, फक्त जिथे अंग जमिनीला टेकतं तिथे. खिडकीच्या चौकटीची आतली एकच कड कोरा. फरवर बुरिनची लांब रेष नको. फार तर कानाच्या मुळाशी टोकानं तीन-चार टिंब उचला.

प्रत्येक रेषेनंतर कडेला उभी राहिलेली कूस स्क्रेपर आडवा सरकवून काढा, बोट फिरवल्यावर टोचता कामा नये. चुकून खोल गेलेली किंवा फार काळी रेष असेल तर थेंबभर तेल घालून बर्निशरनं दाबत जा, ती हळूहळू उथळ होते. राजवाडा जास्त गडद आला असेल तर त्यालाही हाच उपाय.

ड्रायपॉइंट सर्वांत शेवटी आणि अगदी थोडं: मिटलेल्या पापण्या, मिश्यांची मुळं. त्याची कूस काढायची नाही, आणि ती फार छापांना टिकत नाही, म्हणून चांगल्या छापा लवकर काढून घ्या.

छपाई

कागद शंभर टक्के सुती, २५० ते ३०० जीएसएमचा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड, गुळगुळीत कागद सरावाला चालतो. अर्धा तास पाण्यात ठेवा, मग टिपकागदांमध्ये दाबा. पृष्ठभागावर ओली चमक दिसता कामा नये, गालाला लावला तर नुसता गार लागला पाहिजे.

पत्रा कोमट करा. एचिंगची काळी शाई पुठ्ठ्याच्या तुकड्यानं रेषांत भरा, सगळ्या दिशांनी. खळ केलेल्या जाळीदार सुती कापडाचा बोळा गोल फिरवत वरची शाई काढा. बोळा सपाट ठेवा, रेषेत शिरला तर शाई ओढून घेतो. शेवटी तळहाताला खडूची भुकटी चोळून हलक्या, झटक्या हातानं पत्रा पुसा. राजवाड्यावर दोनदा जास्त, सावलीवर एकदा कमी. बारोचीच्या चित्रात उजेड स्वच्छ आहे. पत्र्यावर शाईचा राखाडी पडदा ठेवला तर त्याच्या छटांचं सगळं गणित झाकलं जातं. कडा कापडानं लख्ख करा.

पत्रा प्रेसवर, त्यावर कागद, वर टिपकागद, मग ब्लँकेटं. न थांबता एका वेगानं फिरवा. कागद एका कोपऱ्यातून सावकाश उचला. रेष बोटाला उंच लागली पाहिजे. नुसती सपाट काळी असेल तर दाब कमी आहे. छाप टिपकागदांमध्ये ठेवून वर फळ्या टाका, कागद रोज बदला.

शेवटची दोन कामं

थकलेलं फेरिक मोरीत ओतू नका. त्यात तांबं विरघळलेलं असतं. ते पाइप खातं आणि पुढे नाल्यातले मासे मारतं. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जा, फेस येणं थांबेपर्यंत. मोठी बादली घ्या, फेस वर येतो. गाळ खाली बसू द्या, तो गाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि घातक कचरा घेणाऱ्या व्यवस्थेकडे द्या. महाविद्यालयाच्या विभागात काम करत असाल तर तिथे याची सोय असते.

आणि छापेखाली पेन्सिलनं 'बारोचीनुसार' असं लिहून मगच सही करा. जुने मुद्राचित्रकार रचना कोणाची, कोरलं कोणी आणि छापून काढलं कोणी हे पत्र्यावरच वेगवेगळं नोंदवत. दुसऱ्याची रचना घेताना त्याचं नाव टाकणं ही या कलेतली जुनी रीत आहे. क्रमांकही लिहा, आणि बुरिनच्या आधीच्या छापेवर 'पहिली अवस्था', नंतरच्या छापेवर 'दुसरी अवस्था' अशी नोंद करा. पत्रा रॉकेलनं स्वच्छ करून त्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि कोरड्या जागी आडवा ठेवा.